भाऊजींची दोरी आणि फायनलचं मैदान

आमच्या शांताराम भाऊजींना फुटबॉल खेळता येत नाही. त्यांनी बॉलला लाथ मारलेली मी एकदाच पाहिली आहे. चप्पल गोलात गेली आणि बॉल जागेवर राहिला. तरी आमच्या कॉलनीत फुटबॉलचं काही निघालं की लोक आधी त्यांच्याकडे येतात, कारण मैदानावरच्या चुन्याच्या रेघा गेली चौदा वर्षं तेच मारतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे सासरे वर्ध्याकडून जबलपूरला कारखान्यात नोकरीला आले, मग आमचे हे लागले, मग भाऊजी. एकोणिसाव्या वर्षी लागले ते साठाव्या वर्षी सुटले. तिथे काय बनायचं ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना सांगायची बंदी. भाऊजींचं काम बनवायचं नव्हतं, बनलेलं मापायचं होतं. माप बरोबर असलं तर ते आपल्या नंबरचा शिक्का मारायचे. केसाइतका फरक असला तरी माल परत. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या शिक्क्याचा एक नगही कुठून परत आला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. वेळच येत नाही, आम्हीच आधी सांगून टाकतो.

घरीही तेच. खिशात सहा इंची पट्टी. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना थांबवलं होतं, कारण अंतरपाट एका बाजूने दोन बोटं खाली आला होता. सुरेखा, त्यांची बायको, मला नंतर म्हणाली की मोठ्या बाई, मला तेव्हाच वाटलं, हा माणूस आता जन्मभर मला सरळ करत बसणार. तसं काही झालं नाही. सुरेखाच्या वाकड्यातिकड्या करंज्या त्यांनी चाळीस वर्षं पट्टी न काढता खाल्ल्या. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून भाऊजी, त्यांचा मुलगा अतुल, सून आणि नात प्रणोती खालच्या मजल्यावर राहतात, मी एकटी वरच्या, आणि चूल एकच.

कारखान्यातली एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. मापायच्या हत्याराचंही माप घ्यावं लागतं म्हणे. दर सहा महिन्यांनी ते तपासायचं आणि त्याच्या गळ्यात तारखेचं कार्ड बांधायचं. तारीख उलटली की हत्यार कुलपात, मग साहेब मागो की साहेबाचा साहेब. एकदा एक नवा साहेब म्हणाला, एक दिन से क्या होता है. भाऊजींनी कुलपाची किल्ली आपल्या डब्यात पोळीखाली ठेवली आणि जेवायला निघून गेले.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी सुताची जाड दोरी आणली. पोलादी टेपला लावून बरोबर तीस मीटर कापली, तिच्यावर लाल धाग्याच्या गाठी बांधल्या. एक गाठ अकरा मीटरवर, जिथे बॉल ठेवून पेनल्टी मारतात. एक साडेसोळावर, गोलासमोरच्या मोठ्या चौकटीसाठी. अशा चार-पाच. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, भाऊजी मैदानावर गेले. पहाटे डबाभर चुना घेऊन निघायचे आणि नऊपर्यंत मैदान असं आखून ठेवायचे की त्यावर पाय ठेवायला पोरांना भीती वाटायची.

ती दोरी घरी यायची तेव्हा चुन्याने पांढरी झालेली असायची. मला ते बघवत नाही. मी ती बादलीत घालायची, उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा टाकायची, बडवायची आणि गच्चीवर वाळत घालायची. कठड्यापासून टाकीजवळच्या हुकापर्यंत चार फेऱ्या. भाऊजी म्हणायचे, वहिनी, दोरी नव्यासारखी झाली. मला बरं वाटायचं.

प्रणोती याच मैदानावर मोठी झाली. आता कॉलेजच्या टीममध्ये गोलकीपर आहे, आणि टीमचा सरावही याच मैदानावर. घरात तिच्या हातून कपबशी सुटते, मैदानात बॉल सुटत नाही. या हिवाळ्यात आपल्या भागातल्या आठ कॉलेजांच्या मुलींच्या मॅचेस झाल्या आणि शेवटी दोन टीमा उरल्या. एक प्रणोतीची, दुसरी महाराजपुरच्या नव्या कॉलेजची.

मग फायनल कुठे खेळायची यावर अडलं. सदर बाजारातलं मैदान त्या रविवारी रिकामं नव्हतं. शहपुऱ्याहून निरोप आला की आमच्याकडे या, पण एवढ्या मुलींना तितक्या लांब नेऊन आणायचं कोणी, म्हणून ते सुटलं. राहिली दोन मैदानं. एक आमच्या कॉलनीचं आणि एक महाराजपुरच्या कॉलेजचं. म्हणजे कुठेही घ्या, एका टीमचं ते घरच. कमिटीत अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कमिटीचे मुख्य आलोक सर, त्यांना तर दोन्हीकडून फोन येऊन कानाला गळू व्हायची वेळ आली.

तोड काढली ती महाराजपुरच्या अमिता मॅडमनी. या तिथल्या खेळाच्या शिक्षिका, तीन वर्षांपूर्वी नाशिककडून नोकरीसाठी आलेल्या. त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, दोन्ही मैदानं शांताराम काकांकडून मापून घ्या, ज्याचं माप नियमात बसेल तिथे फायनल. कोणीतरी म्हणालं, मॅडम, त्यांची नात समोरच्या टीममध्ये आहे. मॅडम म्हणाल्या, मला माहीत आहे, तरी तेच मापतील.

हे भाऊजींना कळलं तेव्हा ते बराच वेळ पट्टीशी चाळा करत बसले. मग मला म्हणाले, "वहिनी, दोरी धुतलेली आहे ना?"

धुतलेली होती.

आमचं मैदान मापलं, सगळं गाठीला गाठ बरोबर. महाराजपुरचं मापलं तर पेनल्टीची जागा अर्धा मीटर लांब, मोठी चौकट पाऊण मीटर जास्त. भाऊजींनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. फायनल आमच्या कॉलनीत ठरली.

कॉलनीत जणू लग्न निघालं. आमचा सेक्रेटरी चिराग, चाळिशीचा आहे पण उत्साह शाळेतल्या पोराचा, त्याने दुसऱ्याच दिवशी फाटकावर बॅनर लावला. त्यावर भाऊजींचा फोटो प्रणोतीच्या फोटोपेक्षा मोठा. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, आजी, मुलींना कपडे बदलायला तुमची खोली लागेल, आणि शंभरेक कप चहा. मी हो म्हणाले. आत जाऊन खोलीकडे पाहिलं. दोन्ही टीमा मिळून तीसेक मुली, माझा एक पलंग, एक आरसा, आणि न्हाणीघराची कडी दहा वर्षांपासून लागत नाही.

सोमवारी दुपारी मी गच्चीवर दोरी वाळत घालत होते. महाराजपुरहून आणल्यावर परत धुतली होती. भाऊजी उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत होते. मी आपलं सहज म्हणाले, "भाऊजी, तुमची दोरी म्हातारी झाली. माझ्यासारखी आखडून राहिली."

ते हसले. मग हसणं अर्धं राहिलं. "म्हणजे कशी?"

मी दाखवलं. आधी चार फेऱ्या झाल्यावर हुकापुढे दोन हात शेपूट उरायची, तिच्यावर मी पायपुसणं वाळत घालायची. आता चौथी फेरी हुकापर्यंत पोचतच नाही.

"काहून नाही सांगितलं आजपर्यंत?"

"मला वाटलं हूक सरकला असेल."

हूक सिमेंटमध्ये आहे. भाऊजींनी तो तरी हलवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, वहिनी, तुम्ही हिला धुता कशात? मी सांगितलं. उकळत्या पाण्यात, सोडा घालून, चौदा वर्षं, एकदाही कंटाळा न करता. त्यांनी मटाराची थाळी खाली ठेवली आणि जिना उतरून गेले.

अर्ध्या तासाने बाजारातून नवी पोलादी टेप घेऊन आले. दोरी घरासमोरच्या रस्त्यावर सरळ ताणून तीनदा मापली. तीनदा एकच उत्तर. तीस मीटरच्या दोरीत एक मीटर पस्तीस सेंटिमीटर कमी. दोरी आखडली तशा गाठीही जवळ आलेल्या. मग टेप घेऊन मैदानावर गेले. आमच्या पेनल्टीची जागा अकराऐवजी साडेदहावर होती. आखडलेल्या दोरीने आखलेलं मैदान आखडलेल्या दोरीने मापलं, ते बरोबरच येणार होतं. महाराजपुरचं मैदान खरंच बरोबर होतं, म्हणून ते या दोरीला चूक दिसलं.

मला हे सगळं त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. मग म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हत्यारांच्या गळ्यात कार्ड बांधलं, वहिनी. या दोरीच्या गळ्यात एकदाही नाही. आणि आता लोक म्हणतील, नातीसाठी मापलं."

खोटं का बोलू, मी त्यांना म्हणाले की आपलं मैदान टेपने नीट आखून घ्या, आज सोमवार आहे, रविवारपर्यंत वेळ आहे, कोणाला कळणार आहे? पाप दोरी धुणारीचंही आहे, म्हणजे माझं, आणि मी बोलायची नाही.

"रेघा करीन नीट," भाऊजी म्हणाले. "त्या कागदाचं काय करू? त्यावर माझी सही आहे."

संध्याकाळी प्रणोती आली. मला धाकधूक होती, कारण घरचं मैदान जाणार ते तिचंच. भाऊजींनी तिला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, "मतलब आबा, चार साल से मी साडेदहावरून पेनल्टी खाऊन राहिली?"

"हो."

"तभी तर. सब बोलते हैं प्रणोती, तू लेट कूदती है."

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि तिथूनच ओरडून म्हणाली की सरांना सांगून टाका, पण मला आधी खरा ठिपका मारून द्या. कापसाचा बोळा ठेवल्यासारखा तो छोटा ठिपका भाऊजींनी त्याच संध्याकाळी टेपने मारून दिला. पण रात्री ते जेवले नाहीत. त्यांनी पोळी ताटात घेतली आणि तशीच झाकून ठेवली.

मंगळवारी सकाळी त्यांनी कारखान्यात घालायचे तो पांढरा शर्ट काढला. मी म्हणाले मी पण येते, दोरी उकळली कोणी हे सांगायला माणूस पाहिजे. ऑटोने आलोक सरांच्या ऑफिसला निघालो. दोरी त्यांच्या मांडीवर पिशवीत होती.

आलोक सरांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि मोकळं हसले. "अरे शांताराम जी, बस इतनी सी बात? आप अपनी लाइनें ठीक कर लीजिए, मैच वहीं होगा. किसको पता चलेगा?"

अगदी माझेच शब्द. सोमवारी माझ्या तोंडात ते चांगले लागले होते. त्यांच्या टेबलावर पडल्यावर शिळ्या भाजीसारखे दिसले.

"पता मुझे है, सर," भाऊजी म्हणाले. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. पहिला कागद चुकीच्या मापाने लिहिला गेला, महाराजपुरचं मैदान बरोबर आहे, आमचं चूक आहे, दोष माझा. खाली तशीच सही.

सरांनी कागद दोनदा वाचला आणि अमिता मॅडमना फोन लावला. त्या त्याच इमारतीत कुठल्या कामाला आल्या होत्या, पाच मिनिटांत आल्या. ती पाच मिनिटं मी भाऊजींच्या हाताकडे पाहत होते. पट्टी खिशातून निघत होती, परत जात होती. या बाईनेच तर म्हटलं होतं की तरी तेच मापतील. आता तिने एक शब्द वाकडा टाकला असता तर ते तिथून तसेच उठले असते, आणि मला नाही वाटत की त्यांनी पुन्हा कधी चुन्याचा डबा हातात घेतला असता.

मॅडमनी कागद वाचला आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "काका, मी उद्या सगळ्या रेघा पुसून तुमच्या मापाने नव्याने मारणार होते. आमच्या माळ्याला किती बोलले मी. तो बिचारा सांगत होता, मॅडम, मी टेपने मारल्या आहेत."

"त्याला मी भेटतो," भाऊजी म्हणाले. "माफी मागतो."

"आणि तुम्ही न सांगता घरी बसला असता, तर मी बरोबर असलेलं मैदान चूक करून ठेवलं असतं."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, मॅडम, यांच्याकडे चूक नाही, दोरी मी उकळली. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, तुम्ही स्वेटर पण उकळता का?"

"एकदा उकळला होता. मग तो नातीच्या बाहुलीला झाला."

आधी मॅडम हसल्या, मग आलोक सर, आणि मग भाऊजी.

फायनल महाराजपुरला ठरली. तिथे बसायला पायऱ्या आहेत आणि मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे. मी हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण घरी आल्यावर माझ्या पलंगाकडे पाहून मला फार बरं वाटलं. भाऊजी जेवायला बसले, पाच पोळ्या खाल्ल्या आणि बैठकीतच पाय ताणून झोपले. खालून प्रणोतीची आई बघायला आली, कोण घोरतंय म्हणून.

चिराग मात्र दोन दिवस रुसला होता. बॅनर उतरवताना म्हणाला, "काका, एक गोष्ट पोटात नाही ठेवता आली?" भाऊजी म्हणाले, "ठेवली होती रे. पोळी जाऊन नाही राहिली तिच्यामुळे." चिराग बॅनर गुंडाळून घेऊन गेला. दोन दिवसांनी त्यानेच महाराजपुरला जायला गाडी ठरवली.

मधल्या दिवसांत प्रणोती रोज संध्याकाळी खऱ्या ठिपक्यासमोर उभी राहायची आणि तिच्या टीमच्या मुली बॉल मारायच्या. भाऊजी बाजूला टेप घेऊन उभे. दर पंधरा मिनिटांनी ते ठिपका मापायचे. प्रणोती म्हणायची, आबा, तो चालत जाणार नाही कुठे. ते म्हणायचे, दोरीही चालत गेली नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही महाराजपुरला गेलो. भाऊजी आधी माळ्याला भेटले. तिथे काय बोलले मला दिसलं नाही. परत आले तेव्हा माळी त्यांच्याबरोबर होता आणि दोघंही चुन्याच्या भावावर बोलत होते. मॅच सुरू व्हायच्या आधी अमिता मॅडमनी सगळ्यांसमोर भाऊजींच्या हातात टेप दिली आणि म्हणाल्या, काका, मापा. दोन्ही टीमांच्या कॅप्टन जवळ उभ्या. माळ्याने टेपचं एक टोक धरलं, भाऊजींनी दुसरं. ते वाकले, चष्मा पुसला, परत वाकले.

"अकरा," ते म्हणाले. "पूर्ण अकरा."

मॅच बरोबरीत सुटली आणि शेवटी पेनल्ट्यांवर आली. प्रणोतीने दोन अडवल्या. दुसरी तर तिने अशी धरली की महाराजपुरच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. पण आमच्या मुलींनी तीन गोलाच्या दांड्यावरून बाहेर मारल्या. त्यांनाही चार वर्षांची जवळून मारायची सवय. एका गोलाने हरलो.

प्रणोती थोडी रडली. मग दोन समोसे खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन भाऊजींजवळ येऊन बसली. "आबा, अकरा से तो बहुत टाइम मिळते. बॉल येईपर्यंत मी चहा पिऊन घेतला असता."

"मग अजून एक काहून नाही अडवली?"

"चहा गरम होता."

भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. तेवढ्यात अमिता मॅडम आल्या. हरल्या-जिंकल्याचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या वर्षी फायनल कुठेही असो, मैदान काकाच मापतील, कमिटीत लिहून घेतलंय. भाऊजींनी मान हलवली. मी म्हणाले, मापतील, पण टेप तुमची.

दोरी आता कायमची गच्चीवर बांधली आहे. कठड्यापासून हुकापर्यंत तीन फेऱ्या, उरलेली गुंडाळून ठेवली. माझी लुगडी तिच्यावर वाळतात, आणि लुगड्यांना साडेदहा काय नि अकरा काय. पण परवा कपडे काढायला गेले तर दोरीच्या टोकाला सुतळीने एक कार्ड बांधलेलं. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलं. वर तारीख, खाली भाऊजींचं अक्षर: लांबी तपासली, फक्त कपड्यांसाठी. आणि कोपऱ्यात त्यांचा जुना नंबर.